इंदुमती इंडस्ट्रीज

कांडपाचं नवं यंत्र दारात आलं त्या दिवशी अंबाजी चप्पल घालायचाच विसरला. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वाजला आणि हा साठीचा गडी अनवाणीच पळत सुटला. होळी नुकतीच होऊन गेलेली, हैदराबादच्या तारनाक्याचं डांबर तापायला लागलेलं. पण त्याला कसली शुद्ध! "सावकास घ्या, सावकास! मशीन हाय ती, कांद्याचं पोतं नव्हं," असं तेलुगू हमालांना चक्क मराठीत बजावत तो उलटा उलटा चालत अंगणापर्यंत आला आणि तुळशीच्या कट्ट्याला अडखळून खालीच बसला.

दारात उभ्या इंदुमतीला हसू आवरेना. तोंडाला पदर लावायचीही सोय नव्हती, दोन्ही हात मिरचीनं माखलेले. सकाळपासून ती देठं खुडत बसली होती. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडं बघावं तिकडं लोकांच्या मिरच्यांची पोती, प्रत्येकावर चिठ्ठी खोचलेली. कोठी भागातल्या डॉक्टरीणबाईंच्या लवंगी, पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांच्या बेडगी, नारायणगुड्याच्या वकिलांच्या वारंगळी. फाल्गुन ते वैशाख हेच तिचे सुगीचे दिवस. इंदूमावशीनं मिरच्या भाजायच्या, खोबरं-धणे-दगडफूल परतायचं, कांडायचं, आणि हैदराबादेतल्या मराठी घरांनी वर्षभर काळ्या मसाल्याची आमटी ओरपायची, अशी ही रीत कधीची पडून गेलेली.

उदगीरकडची ही माणसं. अंबाजी रेल्वेच्या वसाहतीत माळी होता, पण कंत्राटी. ठेकेदार बदलले, साहेब बदलले, हा मात्र जन्मभर "ए अंबाजी, पाईप आण" एवढ्यावरच राहिला. गुडघे गेले तसं कामही गेलं. तेव्हापासून घर चालायचं ते इंदुमतीच्या कांडपावर. जुनं यंत्र थकलं होतं, ते मागच्या आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं, नव्याला जागा हवी म्हणून.

खोकं उघडलं. निळंशार यंत्र, चकाकणारी दोन मुसळं. मुलगी ईशा कॉलेजातून नुकतीच आलेली, तिनं पिन हातात घेतली. "आई, आधी चालू करून बघू. मग तुमचं काय ते करा."

"गप गं! न पुजता कोण चालू करतं व्हय? अपशकुन नुसता."

मग काय, हळद-कुंकू आलं, यंत्राच्या कपाळावर स्वस्तिक निघालं, गळ्यात दोरा आला. अंबाजीनं आरती म्हटली, दोनदा म्हटली. पायाशी नारळ फोडला, त्याचं पाणी उडालं ते ईशाच्या जीन्सवर. मग इंदुमतीनं देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. मुसळं वर गेली, वरच्या वर थरथरली, आतून खर्रर्र आवाज आला, जळका वास सुटला आणि सगळं गप्प झालं.

"असं कसं?" अंबाजी म्हणाला. त्यानं बटण पुन्हा दाबलं. मग पाठीवर थोपटल्यासारखं यंत्राला थोपटलं. मग ईशाकडं बघितलं, जणू तिनंच काही केलंय.

यंत्र मागवलं होतं 'दळणमित्र' नावाच्या ॲपवरून. तिथं तक्रार टाकल्यावर दोन-तीन दिवसांनी कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला. त्यानं यंत्र उघडलंही नाही. लांबूनच स्वस्तिक बघितलं, फोटो काढला आणि मान हलवली.

"अम्मा, पूजा कर दिए ना तुम? यूज्ड हो गया माल. रिटर्न नक्को बोलता सिस्टीम."

"अरे बाबा, एक मिरची नाही पडली त्यात!"

"कुंकू पडा ना, अम्मा. नारियल का पानी भी दिखता." आणि तो गेला. त्याच्या गाडीच्या दिव्यावर कुंकवाचा टिळा होता आणि हँडलला लिंबू-मिरची लोंबत होती. इंदुमतीला ते दिसलं, पण बोलायचं सुचेपर्यंत गाडी गल्लीबाहेर पडली.

फोन केले. फोनवर आधी गाणं वाजायचं, मग एक गोड बाई इंग्रजीत बोलायची, ती बाई नव्हतीच असं ईशा म्हणाली. अंबाजी मात्र दर वेळी तिला "ताई, ऐकून तर घ्या" म्हणायचा.

आणि मिरच्या घरात पडून. लोक विश्वासानं टाकून गेलेले. इंदुमतीनं एक दिवस वाट पाहिली, मग तुळशीमागचं दगडी उखळ मोकळं केलं. त्यात गल्लीतली मांजर झोपायची. तिला उठवून उखळ घासून काढलं, लाकडी मुसळाच्या टोकाला लोखंडी वसू चढवलेली होतीच.

"हातानं? एवढ्या सगळ्या?" अंबाजीनं डोळे विस्फारले.

"मग काय परत देऊ? मावशीनं मिरच्या नेल्या अन् तशाच आणून टाकल्या, म्हणतील. थू माझ्या जिंदगीवर."

तेव्हापासून अंगणात पहाटेपासून धप्प, धप्प सुरू झालं. नाकाला पंचा बांधून इंदुमती मुसळ उचलायची, खाली आणायची. अंबाजी चाळणीनं चाळायचा, उरलेलं परत उखळात ओतायचा. दोघांचे डोळे लाल. घाम पुसायची चोरी, पुसला की कपाळ पेटायचं. ऊन चढलं की पत्र्याच्या सावलीत बसून दोघं ताक प्यायची आणि एकमेकांच्या शिंका मोजायची. शेजारची तेलुगू म्हातारी भिंतीवरून ओरडायची, "एमम्मा, चंपेस्तावा?" म्हणजे मारतेस का आम्हाला, आणि जाताना वाटी पुढं करून मसाला मागायची.

इथवर ठीक होतं. पण एका संध्याकाळी इंदुमती वेणी घालायला बसली आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तिनं डाव्या हातानं धरून वर नेला, तो खाली पडला. मग हळूच ईशाला हाक मारली, "जरा अंबाडा घाल गं." अंबाजी समोरच चाळणी झटकत होता. त्यानं बघितलं आणि तोंड फिरवलं.

हा हंगाम हातानं निघेल, पुढचा निघायचा नाही, हे खांद्यानं सांगून टाकलं होतं. यंत्र मिळालं नाही तर कांडप संपलं. आणि कांडप संपलं तर चूल कशावर पेटायची, हे बोलून दाखवायची कुणाचीच हिंमत नव्हती.

नारायणगुड्याचे सुधीर वकील आपल्या मिरच्या बघायला आले ते अशा दिवशी. निजामाच्या काळापासून हैदराबादेत मुरलेलं घराणं. मराठी बोलायचे पण त्यात दख्खनीची फोडणी असायची.

"काय इंदूमावशी, आमच्या मिरच्यांचं काय? घरात बायको जान खाऊन राहिली." मग त्यांचं लक्ष उखळाकडं गेलं, मग कोपऱ्यातल्या कुंकू लावलेल्या निळ्या यंत्राकडं. सगळी हकिकत ऐकून ते खाटेवर बसले. "ईशा बेटी, ते ॲपमधलं ॲग्री केलेलं काढ बरं."

"काका, ते कोण वाचतं? सगळेच ॲग्री करतात." तरी ईशानं काढलं. बोटानं सरकवता सरकवता तिचा अंगठा दुखायला लागला.

वकील वाचत गेले आणि मिशीत हसत गेले. "वा! भांडण झालं तर फक्त गुरगावच्या लवादापुढं यायचं म्हणे. चालू करायच्या आधी मालावर काहीही लावलं तर तो वापरलेला धरायचा म्हणे. आमचा निर्णय शेवटचा म्हणे. अहो, कागद लागत नाही ना, म्हणून लिहीत सुटतात. बेफिक्र राहा. बटण दाबलं म्हणून कायद्यानं दिलेला हक्क जात नसतो. गिऱ्हाईक जिथं राहतं तिथंच दाद मागता येते, आणि अशी एकतर्फी कलमं ग्राहक आयोगासमोर टिकत नाहीत. तक्रारसुद्धा घरूनच भरू." मग त्यांचं बोट थांबलं. "हे काय? खरेदीदार, इंदुमती इंडस्ट्रीज? डायरेक्टर, अंबाजी?"

ईशा खाली बघायला लागली.

झालं होतं असं, की ॲपनं विचारलं होतं, व्यक्ती की कंपनी? अंबाजीनं क्षणभर विचार करून सांगितलं होतं, "कंपनी दाब." नाव? "इंदुमती इंडस्ट्रीज." पद? "डायरेक्टर लिही." ईशा हसून हसून लोळली होती. इंदुमती वरवर रागावली, पण आपलं नाव इंग्रजीत बघून तिला आतून गुदगुल्या झाल्याच. अंबाजी तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं पत्र्यावर पाटी रंगवून घेतली, 'इंदुमती इंडस्ट्रीज, मालक अंबाजी', आणि ती दारावर ठोकली. गल्लीतली पोरं त्याला आता "डायरेक्टरसाब" म्हणायची. तो खोटं खोटं रागवायचा आणि कॉलर नीट करायचा.

"इथं गोची आहे," वकील म्हणाले. "नफ्याच्या मोठ्या धंद्यासाठी माल घेतला तर ग्राहक म्हणत नाहीत. कंपनी हेच धरून बसणार. पण स्वतः राबून पोट भरायला घेतला असेल तर तो ग्राहकच. म्हणजे अंबाजी, तुम्हाला तिथं सांगावं लागेल, की ही इंडस्ट्रीज वगैरे काही नाही. नुसतं घरचं काम आहे."

"मी नाही सांगायचो."

"अहो..."

"नाही म्हणजे नाही, वकीलसाब. जन्मभर मला कुणी अहो म्हटलं नाही. आता कुठं दारावर नाव लागलं. पाच माणसांत काय सांगू, मी कुणीच नाही म्हणून?" अंबाजी उठला आणि रागारागानं पोती इकडची तिकडं करायला लागला. काहीच कारण नव्हतं, पोती नीटच होती.

इंदुमतीला राग आला होता आणि तितकीच कीवही आली होती. या माणसाला साहेबांच्या कुत्र्याला आंघोळ घालताना तिनं पाहिलं होतं. तिनं मुसळ उचललं, खांदा करकरला, तिनं ओठ दाबून धरला.

तक्रार गेली, अंबाजीनं सही केली, पण "बाकीचं तिथं बघू" एवढंच म्हणाला. हंगाम उतरला. मिरच्या ज्याच्या त्याच्या घरी पोचल्या, एकही परत गेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, यंदा मसाला फार खमंग झालाय हो," तेव्हा इंदुमती खांद्याला तेल चोळत नुसती हसली.

सुनावणीची तारीख आली तेव्हा पाऊस पडून गेला होता. घरातूनच, ईशाच्या फोनवर. वकील काळा कोट घालून खाटेवर बसले, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला. अंबाजी इस्त्रीचा सदरा घालून, केस चापून आला होता. सकाळपासून त्याच्या घशाखाली चहाही उतरला नव्हता. पडद्यावर आयोगाचे अध्यक्ष, बाजूला एक बाई सदस्य, आणि लांब कुठंतरी गारठलेल्या खोलीत बसलेला कंपनीचा वकील.

सुधीर वकिलांनी गंभीर आवाजात सुरुवात केली आणि डब्याचा वास नाकात गेला. एक शिंक, दोन शिंका, कोटाची बाही तोंडावर.

"काउन्सेल, तबियत ठीक?" अध्यक्षांनी विचारलं.

"ठीक है, सर. ये हमारा एविडन्स है," वकील डोळे पुसत म्हणाले. बाई सदस्य हसल्या.

कंपनीचा वकील कुंकवावर आला. मालावर बाहेरचे पदार्थ लावले, नारळाचं पाणी टाकलं, यंत्र वापरलं, सबब परत घेता येत नाही. इंदुमती पलीकडं भिंतीला टेकून उभी होती. तिनं बोलायचं नव्हतं, वकिलांनी बजावलं होतं. पण तिला राहवेना. ती फोनसमोर वाकली.

"बाई, कुंकवानं मशीन बिघडतंय तर त्यांच्या माणसाच्या गाडीला कुंकू होतं, वर लिंबूबी होतं. ती बरी गुरगुरत आली अन् गेली! चालू करायच्या आधीच पुजलं म्हणून तर म्हणते, कोरं होतं ते."

वकिलांनी घाईघाईनं त्याचं भाषांतर केलं. बाई सदस्यांनी तोंडावर रुमाल धरला. कंपनीच्या वकिलानं चष्मा पुसला आणि दुसरा कागद काढला. मुख्य मुद्दा असा की तक्रारदार ग्राहकच नाही. ही एक इंडस्ट्री आहे, तिला डायरेक्टर आहे.

अध्यक्षांनी हिंदीत विचारलं, "अंबाजी, आप डायरेक्टर हैं? कितने लोग काम करते आपके पास?"

सगळ्यांच्या नजरा अंबाजीवर. इंदुमतीला वाटलं, आता हा कॉलर नीट करणार आणि सगळं बुडवणार. अंबाजीचा हात खरंच कॉलरकडं गेला. मग त्याला इंदुमती दिसली. ती डाव्या हातानं उजवा खांदा धरून उभी होती, तिच्याही नकळत. हात खाली आला.

"साब," त्यानं सुरुवात केली, "डायरेक्टर मतलब..." मग हिंदी संपली. तो सरळ मराठीत बोलायला लागला. "साहेब, हितं कुणीबी कामाला नाही. हिचे दोन हात, एवढीच इंडस्ट्री. मी नुसता पोती उचलतो. माझं काम सुटलं त्याला लई दिवस झालं. तवापासून ही कांडते अन् आम्ही खातो. पोरीची फी हिच्या हातातनं गेली. यंदा मशीन नव्हतं तर हिनं हातानं कांडलं, आता हिचा हात वर जात नाही, पोरगी अंबाडा घालती. पाटीवर मालक म्हणून माझं नाव हाय. ते खोटं हाय. मला बरं वाटावं म्हणून लावलंय. मालकीण ही हाय, अन् मी हिचं खातो."

वकिलांनी भाषांतर सुरू केलं. मध्येच थांबले, घसा खाकरला, पुन्हा सुरू केलं. या वेळी शिंक नव्हती.

इंदुमती तशीच उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं भाजीला मीठ कमी पडलं तेवढं सांगितलं होतं. असलं कधी बोलला नव्हता. तिला रडू यायला लागलं आणि ती पटकन स्वयंपाकघरात गेली. तिथं काही काम नव्हतं, म्हणून तिनं धुतलेलं पातेलं परत धुतलं.

अध्यक्षांनी फार लांबण लावली नाही. पोटासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच आहे, गुरगावचं कलम इथं चालणार नाही. कंपनीनं काय करायचं ते पुढच्या तारखेच्या आत ठरवून यावं. कंपनीनं ठरवलं. नवं यंत्र देऊ आणि बिघडलेलं आमच्या खर्चानं उचलून नेऊ, असं त्यांचा वकील पुढच्या वेळी म्हणाला. कुंकवाबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही.

यंत्र आलं तेव्हा थंडी पडायला लागली होती. या वेळी अंबाजी धावला नाही; चप्पल घालून, शांतपणे, हमालांना पाणी देऊन आला. सुधीर वकील मुद्दाम आले होते, पिशवीत हळकुंडं घेऊन. ईशानं व्हिडिओ काढायला फोन धरला. "आधी चालू. आई, कुंकवाची वाटी खाली ठेव. ठेव म्हटलं ना!"

इंदुमतीनं वाटी ठेवली. ईशानं पिन खोचली. मुसळं उचलली गेली आणि खाली आली, पुन्हा वर, पुन्हा खाली, धप्प धप्प धप्प. शेजारच्या म्हातारीनं भिंतीवरून डोकं काढलं. ईशानं बटण बंद केलं. "आता पुजा. हवं तेवढं."

मग हळद-कुंकू झालं, दोरा झाला, आरतीही एकदाच आटोपली. अंबाजीनं नारळ उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि इंदुमतीपुढं केला.

"धर."

"मी? आता गं बाई! नारळ बाप्या माणसानं फोडायचा असतो."

"मालकानं फोडायचा असतो," अंबाजी म्हणाला. "धर लवकर, हळकुंडं वाट बघायलीत."

तेव्हा तिचं लक्ष दाराकडं गेलं. पाटी तीच होती, पण खालच्या ओळीवरून पांढरा रंग मारून वर नव्यानं लिहिलं होतं, 'मालकीण इंदुमती'. अक्षरं वाकडी होती, घरच्याच हातची. खांदा अजून पुरता बरा नव्हता, म्हणून तिनं डाव्या हातात नारळ घेतला आणि उखळाच्या कडेवर आपटला. एका दणक्यात दोन भकलं झाली आणि पाणी उडालं ते नेमकं अंबाजीच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर, तोंडावर. ती हसत हसत पुढं झाली आणि बोटाला उरलेलं कुंकू त्याच्या कपाळाला लावून टाकलं.

"झालं!" ईशा ओरडली. "कुंकू लागलं, नारळाचं पाणी पडलं. बाबा यूज्ड झाले, आता रिटर्न नाही होत."

"कुणाला करायचंय रिटर्न," इंदुमती म्हणाली, आणि तिनं हळकुंडांची पिशवी यंत्रात ओतली.